एकदा मोजलं, पुन्हा मोजलं!

बालमित्रांनो, आज मी तुम्हांला एका शून्याची गोष्ट सांगणार आहे. हे शून्य गणिताच्या पेपरातलं नाही बरं का! ते मी स्वतःच्या हातानं एका तक्त्यात लिहिलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

आमचं कळस गाव इंदापूर तालुक्यात आहे. एका अंगाला बारामती, दुसऱ्या अंगाला इंदापूर. दिवाळी सरली की या भागात उसाची तोड सुरू होते. बीड, अहिल्यानगर अशा लांबच्या जिल्ह्यांतून तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात. शेताच्या कडेला, माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. त्या वर्षी शाळेत न जाणाऱ्या मुलांची नोंद करायचं काम माझ्याकडे होतं. एका दुपारी मी एका तळावर गेले. तिथं एक म्हातारी आजी, दोन तान्ही बाळं आणि मुकादम, एवढेच. मी विचारलं, "मुकादम, शाळेच्या वयाची मुलं किती आहेत इथं?"

"बाई, शाळंचं लेकरू कुणीच न्हाई. लिहा शून्य!"

मी शून्य लिहिलं, सही केली आणि निघाले.

आठवड्यानं आमच्या शाळेतले दुसरे सर संध्याकाळी त्याच रस्त्यानं घरी चालले होते. उसाच्या गाड्या भरून गेल्या होत्या, चुली पेटल्या होत्या. आणि कोप्यांसमोर पाच मुलं खेळत होती! त्यांतली एक मुलगी नऊ वर्षांची. गावाकडं तिसरीत होती. इथं आल्यापासून ती दिवसभर आईमागं मोळ्या बांधायला जायची.

आता सांगा पाहू, मुकादम खोटं बोलला का? मी नंतर त्याला विचारलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही शाळंची लेकरं इचारली. ही तर शाळंत जातच न्हाईत!" म्हणजे मी विचारलं एक आणि त्याला कळलं भलतंच. शिवाय मी गेले भरदुपारी, तेव्हा मुलं फडात होती. तळ तोच, माणसं तीच, प्रश्नही साधारण तोच. पण दुपारचं उत्तर शून्य आणि संध्याकाळचं पाच! सर त्या वाटेनं गेले नसते, तर माझं शून्य कागदावर तसंच राहिलं असतं आणि ती मुलगी फडातच राहिली असती.

त्या दिवसापासून मला एक सवय लागली. कुणीही आकडा सांगितला की मी मनात म्हणते, "दुसऱ्या कुणी पुन्हा मोजलं, तर हेच येईल का?"

माणसांचा अभ्यास अवघड का?

विज्ञानाच्या तासाला तुम्ही पाणी उकळता. कळसमध्ये उकळा की बारामतीत, ते सुमारे १०० अंशांवरच उकळणार. 'काय रे, तू उकळतोस का?' असं पाण्याला विचारावं लागत नाही! पण माणसांचा अभ्यास करायचा म्हटलं, की विचारावं लागतं. लोक काय खातात, किती कमावतात, मुलं शाळा का सोडतात, कर्ज का काढतात, असल्या प्रश्नांचा शोध घेणारी जी शास्त्रं आहेत, त्यांना सामाजिक शास्त्रं म्हणतात. इथं माणूस लाजतो, घाबरतो, विसरतो, कधी समोरच्याला बरं वाटावं म्हणून 'हो' म्हणतो. म्हणून या शास्त्रांत एकदा मोजून भागत नाही. पडताळा घ्यावाच लागतो.

तो नाही घेतला तर काय होतं? त्याची एक खरीखुरी गोष्ट आमच्याच इंदापूर तालुक्यात घडली आहे. त्यासाठी जवळजवळ दोनशे वर्षं मागं जाऊ या.

प्रिंगलसाहेबांचा हिशेब

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. शेतसारा किती घ्यायचा, हा नव्या सरकारपुढचा मोठा प्रश्न होता. हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडे आलं. साहेब हुशार होते. इंग्लंडात अर्थशास्त्र शिकून आले होते. त्यांनी ठरवलं, की अंदाजपंचे सारा घ्यायचा नाही, शास्त्रशुद्ध हिशेब करायचा. जमिनीत पिकतं किती ते काढायचं. त्यातून बी-बियाणं, बैल, मजुरी असा खर्च वजा करायचा. जे उरेल त्यातले १०० पैकी ५५ भाग सरकारचे!

कागदावर किती सुरेख दिसतं, नाही का? पण जरा विचार करा. कुठल्या जमिनीत किती पिकतं, हे साहेबांना कोण सांगणार? हाताखालचे कारकून. कारकुनांना कोण सांगणार? गावकरी. आणि सरकारी माणूस 'तुझ्या शेतात किती पिकतं?' असं सारा ठरवायला विचारतोय, हे कळल्यावर तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनी काय उत्तर दिलं असतं? बरं, इंदापूरकडचा पाऊस म्हणजे लहरी. एका वर्षी कणगी भरेल, दुसऱ्या वर्षी बीसुद्धा परत मिळणार नाही. मग कुठल्या वर्षाचं पीक धरायचं? त्यातच कारकुनांच्या लाचखोरीच्या तक्रारी होत्या. मोजणीत चुका होत्या. पण इतक्या डळमळीत आकड्यांवर गुणाकार-भागाकार अगदी काटेकोर केले गेले! पाया कच्चा आणि वर पक्क्या विटांची भिंत, असा तो प्रकार.

१८३० च्या सुमारास नवे दर लागू झाले. धान्याचे भावही त्या काळात पडलेले होते. सारा भरता येईना. वसुलीसाठी शेतकऱ्यांचा छळ झाला. कित्येकांनी घरंदारं सोडली आणि बायकामुलांसह शेजारच्या संस्थानांच्या हद्दीत निघून गेले. पुढं सरकारच्याच एका अहवालात नोंद झाली, की काही भागांत लागवडीजोग्या जमिनीपैकी जेमतेम एक तृतीयांश जमीन कसली जात होती. बाकीची पडीक!

मित्रांनो, चुकीचा आकडा कागदावर मुंगीएवढा दिसतो. पण त्याच्यापायी माणसांना गाव सोडावं लागतं.

दोघांनी पुन्हा सुरुवात केली

१८३५ मध्ये दोन तरुण अधिकाऱ्यांना इंदापूर तालुक्यात पाठवलं गेलं. एक हेन्री गोल्डस्मिड आणि दुसरे लेफ्टनंट जॉर्ज विंगेट. प्रिंगलसाहेबांचं काम तपासायचं आणि सुधारायचं, ही त्यांची कामगिरी होती.

त्यांनी एक शहाणपणा केला. 'पिकतं किती, खर्च किती' हा ज्याचं उत्तर कुणालाच नेमकं माहीत नाही असा प्रश्न बाजूला ठेवला. त्याऐवजी डोळ्यांना दिसेल आणि हातानं मोजता येईल, असंच मोजायचं ठरवलं. शेताचा नकाशा काढायचा, त्याचे सारखे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात माती किती खोल आहे ते पाहायचं. खोल, काळी, एकसारखी माती असेल तर ती सोळा आणे. खोली कमी झाली की आणे कमी. चुनखडी असेल, वाळू असेल, उतार असेल, तर आणखी कमी. असे एकूण नऊ वर्ग. माणसं आपसात म्हणतात ना, 'काम सोळा आणे झालं', तसाच हा सोळा आण्यांचा हिशेब.

याचा फायदा काय? रामरावांनी मोजली काय किंवा शामरावांनी मोजली काय, माती तेवढीच खोल भरणार! आणि इथंच ते थांबले नाहीत. कारकुनानं केलेल्या कामातली काही शेतं वरचा अधिकारी स्वतः जाऊन पुन्हा तपासायचा. दोघांचं जुळलं तर ठीक, नाही तर चूक कुठं झाली ते शोधायचं. पुढं १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांनी हे सगळे नियम एका अहवालात लिहून ठेवले. म्हणजे उद्या चौथा माणूस आला, तरी त्याला तसंच काम करता यावं.

इंदापुरात १८३६-३७ पासून नवे, हलके दर तीस वर्षांसाठी ठरले आणि पडीक जमिनी हळूहळू पुन्हा नांगराखाली आल्या. जुन्या कागदांवर तुमच्या शेताचा 'सर्व्हे नंबर' दिसतो ना? तो याच पद्धतीच्या मोजणीतून आलेला आहे. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची असे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. एका एकरात चौरस फूट किती, ते वहीत काढून पाहा!

पण म्हणून हे दोघे साहेब देवमाणसं होते, असं समजू नका. ते सरकारचा साराच गोळा करायला आले होते. तीस वर्षांची मुदत संपल्यावर सारा पुन्हा वाढवला गेला. १२ मे १८७५ रोजी आपल्या बारामतीजवळच्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, कर्जाचे कागद जाळले गेले. हा उठाव साऱ्यामुळं झाला, सावकारीमुळं झाला की कापसाचे भाव कोसळल्यामुळं, यावर इतिहासकार अजूनही वाद घालतात. माती किती खोल आहे ते साखळी आणि कुदळ सांगते. पण शेतकऱ्याकडून किती घेणं न्यायाचं आहे, हे साखळी सांगत नाही. ते माणसांनीच ठरवावं लागतं.

एक गाव म्हणजे सगळी गावं नव्हेत

आता पुण्याकडं जाऊ या. पिंपळे सौदागर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आज तिथं उंच उंच इमारती आहेत. शंभर वर्षांपूर्वी ते साधं शेतकऱ्यांचं गाव होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी या गावात गेले. त्यांनी घरोघरी फिरून जमीन, पीक, खर्च, कर्ज यांची नोंद केली. १९१७ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं.

त्यांना काय दिसलं? गावातल्या १०३ कुटुंबांपैकी फक्त ८ कुटुंबं नुसत्या शेतीवर नीट जगू शकत होती. २८ कुटुंबांचं शेतीला बाहेरच्या कामाची जोड मिळाल्यावर भागत होतं. उरलेल्या ६७ कुटुंबांची तोंडमिळवणी होतच नव्हती!

हे वाचून लोकांना धक्का बसला. पण एक शंकाही होती. हे गाव पुणे आणि खडकीच्या जवळ. इथली माणसं शहरात कामाला जातात. मग यावरून साऱ्या दख्खनच्या खेड्यांबद्दल कसं बोलायचं?

डॉ. मॅन चिडले का? 'माझं पुस्तक छापलंय, तेच खरं' असं म्हणाले का? छे! त्यांनी दुसरं गाव निवडलं. शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. शहरापासून दूर, कोरडवाहू. ना. वि. कानिटकर यांच्यासह तिथं तशीच पाहणी केली आणि १९२१ मध्ये दुसरं पुस्तक काढलं. तिथं तर परिस्थिती आणखी बिकट निघाली. पिंपळे सौदागरात शंभरातली ६५ कुटुंबं अडचणीत होती, तर जातेगावात सुमारे ८५!

आता मात्र 'तुम्ही निवडलेलं गावच वेगळं होतं' असं म्हणायला कुणाला फारशी जागा उरली नाही. आपलंच म्हणणं आपण होऊन दुसऱ्या ठिकाणी तपासायचं, हा मोठेपणा आहे. पहिलीत असो की संशोधनात, 'मी पुन्हा करून बघतो' म्हणणारा कधी लहान होत नाही.

गोड वडी आणि पंधरा मिनिटं

आई-बाबांनो, हा भाग तुम्हीही वाचा बरं का!

साधारण १९६८ ते १९७४ या काळात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक मजेशीर प्रयोग केला. मुलासमोर खाऊ ठेवायचा. कधी मार्शमेलो नावाची कापसासारखी मऊ गोड वडी, कधी दुसरं काही. आणि सांगायचं, "मी जरा बाहेर जाऊन येते. तोवर हे खाल्लं नाहीस, तर तुला दोन मिळतील." मग मूल एकटं! कुणी डोळे झाकून घेई, कुणी गाणं म्हणे, कुणी वडीचा वास घेऊन परत ठेवी, तर कुणी गट्टम करी.

ही मुलं मोठी झाल्यावर असं दिसलं, की ज्यांनी जास्त वेळ धीर धरला, ती परीक्षेत पुढं होती. झालं! 'वडी न खाणारं मूल यशस्वी होतं' असं जगभर छापून आलं. कित्येक घरांत आई-बाबांनी हा प्रयोग आपल्या मुलांवर करून पाहिला असेल आणि वडी खाणाऱ्या बिचाऱ्याला बोलणीही बसली असतील!

पण मोठेपणी ज्यांची माहिती मिळाली, अशी ती मुलं शंभराच्या आतच होती, तीही एका विद्यापीठाच्या बालवाडीतली. मग २०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान या तिघांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. त्यांत वेगवेगळ्या परिस्थितीतल्या घरांमधली मुलं होती. धीराचा आणि पुढच्या अभ्यासाचा संबंध त्यांनाही दिसला, पण पूर्वीच्या निम्माच. आणि घरची मिळकत, आईचं शिक्षण, घरातलं वातावरण या गोष्टी हिशेबात धरल्यावर तो आणखी पुसट झाला.

याचा अर्थ काय? ज्या घरी डबा नेहमी भरलेला असतो, त्या मुलाला थांबणं सोपं जातं. ज्या घरी आजचा खाऊ उद्या मिळेलच याची खात्री नाही, ते मूल समोरचं खाऊन टाकतं. त्यात त्याचा दोष नाही, ते आपल्या परीनं शहाणपणच आहे! म्हणून एका वडीवरून कुणाचं भविष्य सांगू नका.

असं एकाच प्रयोगाचं झालं का? नाही. २०१५ मध्ये अडीचशेहून अधिक संशोधक एकत्र आले आणि त्यांनी मानसशास्त्रातले छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा केले. मूळच्या शंभरांपैकी ९७ अभ्यासांनी 'आम्हांला ठळक फरक दिसला' असं म्हटलं होतं. पुन्हा केल्यावर तसा फरक शंभरात ३६ ठिकाणीच दिसला!

मग उरलेले सगळे लबाड होते का? तसं नाही. माणसं थोडी घेतली, की योगायोगानंही चमत्कार दिसतो. चार वेळा नाणं उडवलं आणि चारही वेळा छापा आला, तर नाणं जादूचं ठरत नाही. शिवाय चकित करणारा निकाल लवकर छापून येतो, 'काही विशेष दिसलं नाही' असा कागद कपाटात पडून राहतो. म्हणून वाचणाऱ्याला वाटतं, की जिकडंतिकडं चमत्कारच!

आणि म्हणून, 'संशोधन सगळं खोटं असतं' असंही म्हणू नका. ही चूक कुणी पकडली? संशोधकांनीच! स्वतःची चूक स्वतः शोधणारं काम टाकून द्यायचं नसतं, त्याच्यावर हळूहळू विश्वास ठेवायचा असतो.

तुम्हीच करून पाहा

आता तुमची पाळी. वर्गात दोन तुकड्या करा. प्रश्न घ्या, 'आपल्या वर्गातली मुलं घरी किती वेळ अभ्यास करतात?'

पहिल्या तुकडीनं सगळ्यांसमोर, बाईंच्या देखत विचारायचं, "तू रोज किती तास अभ्यास करतोस?" दुसऱ्या तुकडीनं एकेकट्याला बाजूला घेऊन विचारायचं, "काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत तू काय काय केलंस, ओळीनं सांग." मग त्यातून अभ्यासाचा वेळ काढायचा. दोन्ही तुकड्यांनी एकमेकांच्या वहीत डोकवायचं नाही. शेवटी आकडे शेजारी शेजारी मांडा. काय दिसतं ते मी सांगत नाही, तुम्हीच पाहा!

मात्र पाच गोष्टी पाळा :

१. प्रश्न आधी शब्दन् शब्द लिहून ठेवा. प्रत्येकाला तोच विचारा.

२. सगळ्यांना विचारता येत नसेल, तर चिठ्ठ्या टाकून नावं काढा. आपल्याच मित्रांना विचारू नका.

३. ठरावीक वेळीच विचारलं, तर वेळही लिहा. (दुपार की संध्याकाळ, यानं काय होतं ते तुम्हांला आता माहीत आहे!)

४. एखादं उत्तर विचित्र वाटलं तरी खोडू नका.

५. वही जपून ठेवा. दुसऱ्या कुणाला तपासायची असेल, तर हसत द्या.

आई-बाबांनो, तुमच्या दारीही अधूनमधून पाहणीसाठी कुणी ना कुणी येतं. त्याला खरं सांगा आणि प्रश्न कळला नाही तर 'पुन्हा विचारा' म्हणा. वर्तमानपत्रात 'संशोधनातून सिद्ध झालं' असं वाचलंत, तर मुलांना जवळ बोलावून तीन प्रश्न विचारा : किती जणांना विचारलं? कोणत्या जणांना विचारलं? दुसऱ्या कुणी पुन्हा करून पाहिलं का?

हो, त्या पाच मुलांचं सांगायचं राहिलंच! आम्ही तक्त्यातलं शून्य एका रेघेनं खोडलं. पुसलं नाही, कारण चूकही दिसायला हवी. शेजारी पाच लिहिलं, तारीख घातली, दोघांनी सह्या केल्या. पुढच्या सोमवारी त्यांतली चार मुलं शाळेत आली. पाचवी, म्हणजे ती नऊ वर्षांची मुलगी, बुधवारी आली. लहान भावाला कोण सांभाळणार, हा तिच्या आईचा प्रश्न होता. ती त्याला कडेवर घेऊनच आली.

हजेरी घेताना मी त्या दिवशी वर्गातली मुलं मोजली. आणि मग, सवयीनं, पुन्हा एकदा मोजली.